तिसऱ्या पानावरची माणसं

“चाळीसच्या चाळीस?” तेन्चानं पुन्हा विचारलं.

“हो गं बाई, चाळीसच्या चाळीस. किती वेळा सांगू?” बेकरीवाली चायो गरम पावांचा ट्रे काचेच्या कपाटात सरकवत म्हणाली. “सकाळी दार उघडलं तर एक गृहस्थ उभा. कॉफी घेतली, एक गोड पाव घेतला आणि जाताना तुझ्या पेपरांचा अख्खा गठ्ठा काखेत मारून गेला. मी म्हटलं, अहो, फुकट आहे म्हणून एवढे? तर म्हणतो, मित्रांना वाटायचेत.”

“मित्रांना,” तेन्चा म्हणाली आणि रिकाम्या स्टँडकडे बघत राहिली.

“अजून असतील तर ठेव चाळीस. एरवी महिनाभर पडून असतात, मी त्यात पाव गुंडाळते.”

“गुंडाळ खुशाल. पाव खाऊन झाल्यावर तरी वाचतील.”

तेन्चा म्हणजे ओर्तेन्सिया ओल्वेरा. वय चौसष्ट, उजवा गुडघा दुखरा, आवाज खणखणीत. शिकागोच्या पिल्सन या स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरितांच्या वस्तीत, अठराव्या रस्त्यावरच्या लाँड्रीत ती लोकांचे कपडे धुऊन, घड्या घालून द्यायची. आणि त्याच घड्या घालायच्या टेबलावर बसून गेली सव्वीस वर्षं महिन्यातून एकदा ‘ला आसोतेआ’ नावाचा आठ पानी पेपर काढायची. आसोतेआ म्हणजे गच्ची. कुठल्या भिंतीवर कोण नवं चित्र रंगवतंय, चर्चच्या तळघरात कुठलं नाटक बसतंय, कुणाच्या पोरी यंदा नाचात उतरणार आहेत, असल्या बातम्या त्यात असायच्या. शहरातले मोठे पेपर या वस्तीत फिरकायचे ते कुणाचा मुडदा पडला तरच. इथं जिवंत माणसंही राहतात, ती गातात, नाचतात, रंगवतात, हे तेन्चा सोडून दुसरं कोण लिहिणार होतं?

आठशे प्रती छापायच्या आणि त्यातल्या दोनशे परत आणायच्या, हा सव्वीस वर्षांचा शिरस्ता. परत आलेल्या प्रतींनी लाँड्रीच्या काचा मात्र लख्ख निघायच्या. अशा बाईला कुणी सांगितलं की तुझे पेपर सकाळी नऊच्या आत संपले, तर ती हरखून जाणार नाही तर काय करणार? आणि त्या दिवशी एकट्या बेकरीतच असं झालं नव्हतं. केस कापायच्या दुकानात, दवाखान्यात, चर्चच्या दाराशी, सगळीकडे स्टँड रिकामे. तेन्चा कपड्यांची रिकामी ट्रॉली ढकलत लाँड्रीत परतली ती जवळजवळ गाणं म्हणतच. आल्या आल्या तिनं छापखान्याला फोन लावला आणि पुढच्या खेपेला दोनशे प्रती वाढवायला सांगितल्या. छापणाऱ्याला वाटलं, बाईंना ताप आलाय.

चार दिवसांनी तो गृहस्थ स्वतःच लाँड्रीत आला. चाळिशीचा, भांग नीट पाडलेला, बूट स्वच्छ. त्याच्याकडे धुवायचे कपडे नव्हते.

“दोन्या ओर्तेन्सिया आपणच ना?” तो अदबीनं म्हणाला. दोन्या म्हणजे बाईसाहेब. स्पॅनिश असं, की जणू कुणाच्या आजोळी राहून शिकलेलं. “आपलं वृत्तपत्र मी अगदी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.”

सव्वीस वर्षांत हे वाक्य तेन्चाला कुणीच ऐकवलं नव्हतं. तिनं त्याला बसायला खुर्ची दिली, वर कॉफी दिली.

“विशेषतः त्या कालावेरा,” तो म्हणाला. “त्यासारखं तर मी कुठंच पाहिलं नाही.”

झालं. तेन्चाचं मर्मच ते. नोव्हेंबरच्या दोन तारखेला वस्तीतली मेलेली माणसं आपापल्या घरी जेवायला येतात. त्यांच्यासाठी झेंडूची फुलं, पाव, मेणबत्त्या, त्यांच्या आवडीची दारूसुद्धा मांडायची. आणि जे अजून जिवंत आहेत त्यांची त्या दिवशी थट्टा करायची. चार ओळींची कविता, म्हणजे कालावेरा; शब्दशः कवटी. तिच्यात जित्याजागत्या माणसाला नाव घेऊन मारायचं. मरण तिथं बाईच्या रूपात येतं, हाडं वाजवत, म्हणून तिला सगळे लाडानं हडकुळी म्हणतात. मेलेल्याची कालावेरा कधी करत नाहीत, ती जिवंत माणसाचीच. आणि नावाशिवाय ती होत नाही. नाव हवं, धंदा हवा, कुठल्या कोपऱ्यावर किती वाजता उभा असतो ते हवं. नाही तर लोकांनी हसायचं कुणाला? पेपरात ज्याची कालावेरा येई तो वर्षभर मिरवायचा, ज्याची राहून जाई तो रुसून बसायचा. न्हावी अबुंदिओनं तर आपली कालावेरा फ्रेम करून आरशावर लावली होती. ती अशी होती:

अबुंदिओचे दुकान, नाक्यापासून तिसरे,
सोमवारी बंद, बाकी दिवस खुले;
हडकुळी बसली खुर्चीत येऊन,
हा म्हणे, “बाई, केस कुठे गेले?”

गृहस्थानं ती पाठच म्हणून दाखवली. तेन्चा खळखळून हसली.

“आपल्याकडे जुने अंक असतील?” त्यानं विचारलं. “नुसते नोव्हेंबरचे चालतील. मला संग्रह करायचाय.”

तिनं मागच्या खोलीतून गेल्या पाच वर्षांचे पाचही अंक आणून दिले. एवढ्यावर थांबली नाही. सगळ्यात वरच्या अंकावर पेनानं लिहिलं, ‘रसिक वाचकास, सप्रेम’, आणि खाली झोकात सही ठोकली. त्यानं अंक पिशवीत घातले, कपबशी स्वतः विसळून ठेवली आणि निघून गेला.

नंतरच्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता अबुंदिओनं दुकानाचं शटर अर्धं वर केलं. समोर काळ्या काचांची गाडी उभी होती. तोंडं झाकलेल्या चार माणसांनी त्याला तिथूनच नेला. शटर दिवसभर तसंच अर्धं उघडं राहिलं.

कुणी म्हणालं, जुनी केस असेल. कुणी म्हणालं, चुगली झाली. त्या वर्षी शहरात असं होतच होतं. देशात राहायचे कागद नसलेली माणसं दुसऱ्या रस्त्यांवरून उचलली जात होती, आता इमिग्रेशनवाले आपल्या रस्त्यावर आले एवढंच. रविवारी पहाटे पाचला चर्चच्या कोपऱ्यावरून मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले विकणाऱ्या निकानोराला नेलं. तिचा वाफाळता हंडा तिथंच फुटपाथवर राहिला. भक्त मंडळी आली, हंडा बघितला आणि न बोलता त्याला वळसा घालून आत गेली. बुधवारी गिटारवाला लाउरो गेला, शाळेच्या मागच्या फाटकातून, शिकवणी सुटायच्या वेळेला.

त्या दिवशी संध्याकाळी एवारिस्तो लाँड्रीत आला. एवारिस्तो हा पेपरचा चित्रकार. कालावेरांसोबत छापायच्या कवट्या तो लिनोलियमच्या ठोकळ्यांवर कोरायचा. चौदा वर्षं, एक पैसा न घेता. पोट भरायला एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात भांडी घासायचा. बोलणं मोजकं, घोरणं मात्र अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल इतकं, असं त्याची बायको देल्फिनाच सांगायची.

त्यानं दार लावून घेतलं. काखेतून गेल्या वर्षीचा नोव्हेंबरचा अंक काढला आणि घड्यांच्या टेबलावर, कुणाच्या तरी चादरींवर, तिसरं पान उघडून ठेवलं.

“दोन्या तेन्चा, हे बघा.”

“काय बघू? मीच तर छापलंय.”

“वरून खाली बघा.” त्यानं बोट ठेवलं. “अबुंदिओ. मग निकानोरा. मग लाउरो.”

तेन्चा बघत राहिली. मागं एक मशीन गरगरत होतं.

“हा क्रम मी लावलेला,” एवारिस्तो म्हणाला. “निकानोराचा ठोकळा रुंद होता, तो अबुंदिओखालीच बसत होता. दुसरं काही कारण नाही. देवाला किंवा सरकारला हा क्रम माहीत असायचं काही कारण नाही.”

तिला आधी तो गृहस्थ आठवला नाही. आधी आठवली ती आपली सही. ‘सप्रेम.’ तिनं टेबल धरलं.

“मी दिले,” ती म्हणाली. “माझ्या या हातांनी दिले. पाच वर्षांचे.”

“कुणाला?”

“एक माणूस आला होता.”

“नाव काय त्याचं?”

जन्मभर लोकांना नावं विचारून वहीत लिहिणारी बाई ती. नाचणाऱ्या पोरीचं नाव, तिच्या आईचं नाव, आईच्या गावाचं नाव. पण त्या माणसानं तारीफ केली आणि ही इतकी फुगली की नाव विचारायचंच राहून गेलं. तेन्चाला स्वतःची किळस आली.

“पान उलटा,” एवारिस्तो म्हणाला.

उलटायची गरज नव्हती. चौथ्या पानावर पहिला कोण आहे ते तिला ठाऊक होतं. तेरा वर्षं नको नको म्हणणाऱ्या एवारिस्तोला तिनं गेल्या वर्षी न सांगता छापला होता, गंमत म्हणून. हॉटेलचं नाव, मागचं दार, दुपारी तीनची पाळी, सगळं यमकात बसवून. आणि तेव्हा तो लाजून आठवडाभर लाँड्रीकडे फिरकला नव्हता.

“तू आजपासून कामावर जायचं नाहीस,” ती म्हणाली.

“आज गेलोच नाही.”

“घरी थांबू नकोस. देल्फिनाच्या बहिणीकडे जा.”

“जातो. पण अंकाचं काय?”

“मरू दे अंक.”

“असं कसं?” त्यानं अंक शांतपणे मिटला. “सव्वीस वर्षं चुकला नाही. या वर्षी नाही निघाला तर पोराटोरांनासुद्धा कळेल की आपण घाबरलो. नावं नका घालू. नुसत्या कवट्या छापू. मी कोरतो, माणसं ओळखतील आपापल्याला. अबुंदिओच्या मिशा कोण विसरणार?”

खरं सांगायचं तर तिलाही अंक हवा होता. तो अंक म्हणजेच ती. बाकी तिचं काय होतं, दुखरा गुडघा आणि दुसऱ्यांच्या चादरी.

“फक्त माझी हत्यारं हॉटेलात आहेत,” एवारिस्तो म्हणाला. “कपाटात. मधल्या सुट्टीत तिथंच कोरत बसतो ना मी. सकाळी जाऊन घेऊन येतो. सकाळी मला कोण शोधतंय, माझी वेळ तर तीनची छापलीय तुम्ही.”

तो हसला. तेन्चानं ‘नको’ म्हणायला हवं होतं. सहा कोरण्या होत्या त्या, चायोच्या मुलाला सांगितलं असतं तरी त्यानं आणून दिल्या असत्या. हे सगळं तिला नंतर सुचलं. त्या वेळी ती एवढंच म्हणाली, “लवकर जा आणि लवकर ये.”

तो गेला. दुसऱ्या दिवशी दहा वाजले, अकरा वाजले. बारा वाजता देल्फिनाचा फोन आला. ती रडत नव्हती, नुसती विचारत होती, “तुमच्याकडे आलाय का हो?” मुदपाकखान्यातल्या माणसानं तिला कळवलं होतं की मागच्या दारापाशी सकाळपासूनच गाडी उभी होती. तीन वाजायची वाट बघण्याइतके ते लोक बावळट नव्हते.

पुढचे आठ दिवस तेन्चानं एकच काम केलं. ट्रॉली घेऊन ती दारोदार गेली आणि आपलेच पेपर परत मागत फिरली. लोकांनी भिंतींवरच्या फ्रेमी उतरवून आतले कागद काढून दिले. कुणी तिला बोल लावला नाही, तेच तिला जास्त लागलं. नाही म्हणायला चायोनं सुनावलं.

“मित्रांना वाटायचेत म्हणे,” ती म्हणाली. “आणि मी मूर्ख, त्याला वर पाव बांधून दिला.”

“तू पाव दिलास. मी माणसं दिली.”

चायोनं स्टँड उचलून आत नेला.

एका म्हाताऱ्या बाईनं मात्र भिंतीवरचा कागद द्यायला साफ नकार दिला. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी खरोखरच वारला होता. “याला कुठून नेणार आहेत ते?” ती म्हणाली. “हा राहू दे इथंच.” तेन्चानं तो राहू दिला. बाकीचे सगळे कागद तिनं लाँड्रीच्या मोठ्या टबात भिजत घातले आणि शाई सुटेपर्यंत हातानं कुस्करले. पाणी काळं झालं. बरेच दिवस तिच्या नखांतून ती शाई जात नव्हती.

ऑक्टोबरच्या अखेरीस तो गृहस्थ पुन्हा आला. या वेळी बसला नाही.

“नवा अंक अजून दिसला नाही, दोन्या ओर्तेन्सिया.”

“या वर्षी अंक नाही.”

“अरेरे.” त्याला खरंच वाईट वाटलं असावं असा त्याचा चेहरा झाला. “लोक तर म्हणतात, आपण कधी चुकवत नाही.” मग त्याची नजर तिच्या नखांतल्या शाईकडे गेली. “पण कालावेरा लिहिल्या तर असतीलच. लिहिल्याशिवाय राहवत नाही आपल्याला.”

तेन्चा घड्या घालत राहिली.

“दोन तारखेला भेटूच,” तो म्हणाला. “चर्चच्या अंगणात मांडणी असते ना?”

दोन तारखेला दुपारी चर्चच्या अंगणात मांडणी झाली. दर वर्षीपेक्षा फुलं जास्त होती आणि माणसं निम्मी. मेलेल्यांचे फोटो नेहमीच्या जागी होते. अबुंदिओ, निकानोरा, लाउरो आणि एवारिस्तो यांचे फोटो कुठं ठेवायचे यावरून बायकांत कुजबुज झाली, आणि तेन्चानं सगळ्यांदेखत सांगितलं, “त्यांचे फोटो इथं लागणार नाहीत. ती माणसं जिवंत आहेत.”

मग तिनं चर्चमधून एक घडीची खुर्ची आणवली आणि भिंतीला पाठ लावून बसली. गुडघा ठणकत होता. शहरालगतच्या सरोवराकडून गार वारा येत होता. तिच्या हातात ना पेपर, ना वही. सगळ्यात आधी चायो पुढं आली, तिच्याजवळ वाकली, आणि तेन्चानं तिच्या कानात तिची कालावेरा सांगितली. चार ओळी. चायो ऐकता ऐकता लाल झाली आणि म्हणाली, “मेले, एवढी जाडी आहे का मी?” आणि बाजूला झाली.

एवढं पुरलं. माणसं एकेक करून येऊ लागली. ज्याची त्याची ज्याच्या त्याच्या कानात. कुणाला दुसऱ्याची ऐकू येत नव्हती, कुठं लिहिलेली नव्हती, कुणाच्या पिशवीत मावणार नव्हती. तेन्चानं बेचाळीस रचल्या होत्या, सगळ्या डोक्यात. नावं, धंदे, कोपरे, वेळा, सगळं त्यात होतं, कारण त्याशिवाय ती कालावेरा कसली?

तो आला तेव्हा कुणीतरी खाकरलं आणि अंगणातलं बोलणं बंद पडलं. बूट तसेच स्वच्छ. तो सगळ्यांसारखा आला आणि तिच्यापुढं वाकला.

“माझीही करा एखादी,” तो म्हणाला.

इतक्या जवळून त्याच्या साबणाचा वास येत होता.

“करते की,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिच्या स्वतःच्याही अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. “नाव काय आपलं?”

तो हसला. “नाव कशाला?”

“नावाशिवाय होत नाही. नाव सांगा, काम काय करता ते सांगा, आणि सकाळी किती वाजता कुठल्या दारानं कामावर जाता ते सांगा.”

तो वाकलेला तसाच राहिला, क्षणभरच. मग सरळ झाला. अंगणातली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. त्यानं कोटाची बटणं लावली आणि बाजूला झाला. पण गेला नाही. फाटकाच्या लोखंडी गजांना पाठ टेकून उभा राहिला, खिशातून फोन काढून. येणाऱ्याजाणाऱ्याला आता त्याच्या समोरूनच जावं लागणार होतं.

दोघी बायका चर्चच्या मागच्या दारानं निघून गेल्या. तेन्चाला वाटलं, संपलं.

देल्फिना फाटकातून आत आली. त्याच्या समोरून, त्याच्याकडे न बघता. हातात रिकामी पिशवी होती, केस नीट विंचरले नव्हते. ती सरळ खुर्चीपाशी आली.

“एवारिस्तोची केलीय का या वर्षी?” तिनं विचारलं.

तेन्चाला तिच्या डोळ्याला डोळा देता येईना. “केलीय.”

“कालावेरा जिवंत माणसाचीच करतात ना, दोन्या?”

“जिवंताचीच गं. मेलेल्याची कधीच करत नाहीत.”

देल्फिनानं पिशवी जमिनीवर ठेवली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि कान पुढं केला. तेन्चानं हात आडवा धरून तिच्या कानात सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत एवारिस्तोच्या घोरण्यानं हडकुळीची झोप उडते आणि ती बिछाना उचलून दुसऱ्याच्या घरी निघून जाते. तिथं देल्फिनाला फसकन हसू आलं. तिनं पदरानं पुसावं तसं स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं.

“पुन्हा सांगा,” ती म्हणाली. “हळूहळू. कोठडीतून त्याला फोनवर दोनच मिनिटं देतात, मला पाठ व्हायला हवी.”

तेन्चानं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.